फाउंड्रीतली नोकरी आणि रात्री आठचा वर्ग

ऑनलाइन एमबीए म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ येतात. जमेल तेव्हा लावायचे, कंटाळा आला की थांबवायचे. मी केलं ते तसं नव्हतं. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी रात्री आठला आणि रविवारी सकाळी वर्ग भरायचा. प्राध्यापक समोर असायचे, हजेरी लागायची, नाव घेऊन प्रश्न यायचा आणि उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागायचं. २०२२ च्या जुलै सत्रात मी प्रवेश घेतला आणि २०२४ च्या पावसाळ्यात शेवटची तोंडी परीक्षा दिली. या दोन वर्षांबद्दल मला जे ठामपणे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. नोकरी करणाऱ्या माणसाला या शिक्षणातून जे मिळतं ते त्या थेट वर्गात मिळतं. नोट्स आणि व्हिडिओ कुठेही मिळतात.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याचा, खरेदी विभाग बघते. शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. केलं, हिशेब विभागात लागले आणि पुढे खरेदीकडे आले. पिग आयर्न, स्क्रॅप, सिलिका वाळू, बेंटोनाइट, फेरोसिलिकॉन हा माल. शिवाय साच्यासाठी लागणारे नमुने म्हणजे पॅटर्न बनवणारे, मशीनिंग करून देणारे, ओतलेला माल घासून साफ करणारे म्हणजे फेटलिंगचे ठेकेदार. या सगळ्यांचे भाव, मुदती आणि पेमेंट माझ्या टेबलावर ठरतं. आमची कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांना लागतात. कोल्हापूर भागात अशा फाउंड्र्या पुष्कळ आहेत, त्यामुळे इथं खरेदीत काम करणाऱ्याला वाळूचा आणि स्क्रॅपचा भाव झोपेतही सांगता येतो.

पण बँकेचे अधिकारी कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर मिळणाऱ्या खेळत्या कर्जाची, मर्यादा वाढवायच्या बोलणीसाठी यायचे तेव्हा गोष्ट वेगळी असायची. माझ्याच गोदामातल्या मालावर चर्चा चालायची, ड्रॉइंग पॉवर किती बसते, म्हणजे त्या मालावर किती रक्कम उचलता येते, माल किती दिवस पडून असतो, देणी किती दिवसांची. मी फक्त आकडे पुरवायची. त्या आकड्यांचं पुढं काय होतं आणि त्यावरून कारखान्याच्या हातात पैसा किती राहतो, हे मला त्यांच्या बरोबरीनं बोलता यायला हवं होतं. एमबीए करायचं मनात आलं ते यासाठी. नोकरी सोडून दोन वर्षं पुण्याला राहणं शक्य नव्हतं. घरात सासूबाई, नववीतली मुलगी, मिस्टरांची शिफ्टची नोकरी. शिकायचं तर कसबा बावड्यातल्या आमच्या घरात बसूनच शिकायचं, हे ठरलेलं होतं.

चौकशीसाठी एका ठिकाणी मोबाइल नंबर दिला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. प्रत्येक जण 'आजच शेवटची तारीख' सांगायचा. यातले बरेचसे फोन विद्यापीठाचे नसतात, प्रवेश मिळवून देणाऱ्या कंपन्यांचे असतात, हे लवकरच लक्षात आलं. अशा कंपनीला स्वतः पदवी देता येत नाही, आणि फ्रँचायझी पद्धतीनं पदवी अभ्यासक्रम चालवायला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, परवानगी नाही. 'बिनव्याजी हप्ता' म्हणून जे गळ्यात मारतात ते बहुतेक वेळा एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. शिक्षण मधेच सोडलं तरी हप्ता सुटत नाही. खरेदीत असल्यामुळे कागद वाचायची सवय होती, तिचा इथं उपयोग झाला. मी विद्यापीठाच्या खात्यावर सत्रागणिक फी भरली.

पदवी खरी का, हा प्रश्न तर घरच्यांपासून कारखान्यापर्यंत सगळ्यांनी विचारला. त्याचं उत्तर स्वच्छ आहे. ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांसाठी यूजीसीचे नियम ४ सप्टेंबर २०२० ला निघाले. त्यांतल्या नियम २२ नुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या वर्गातल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. २ सप्टेंबर २०२२ ला यूजीसीनं तसं पुन्हा जाहीर पत्रक काढून सांगितलं. ते मी छापून घेतलं आणि कारखान्यातल्या माझ्या फाइलमध्ये लावून ठेवलं. मात्र विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षासाठी परवानगी आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या, म्हणजे डीईबीच्या, यादीत स्वतः बघावं लागतं. आता तर २०२४-२५ पासून नव्या विद्यार्थ्याला त्या मंडळाचा ओळख क्रमांक, डीईबी आयडी, स्वतः काढावा लागतो, त्याशिवाय ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश होत नाही. हे चांगलं झालं. मधला माणूस सांगतो म्हणून डोळे झाकून पैसे भरण्यापेक्षा विद्यार्थी एकदा तरी सरकारी संकेतस्थळावर जातो.

यादीत परवानगी असलेली विद्यापीठं पुष्कळ निघाली. त्यांतून निवडताना मी प्रत्येकाकडे एकच कागद मागितला, मागच्या सत्राचं थेट तासांचं वेळापत्रक. एका ठिकाणी 'लाइव्ह' म्हणजे प्रत्येक विषयाला महिन्यातून एक शंकासमाधानाचा तास निघाला. दुसरीकडे एकाच तासाला इतके विद्यार्थी जोडलेले असायचे की कुणाला बोलताच येणं शक्य नव्हतं. मी जिथं गेले तिथं वर्गात साधारण पन्नासेक जण होते, आणि प्रवेशाआधी एका तासाला बसू दिलं. त्या तासाला किंमत ठरवण्याचा विषय चालू होता. प्राध्यापिकेनं विचारलं, "भाव वाढवला आणि गिऱ्हाईक तुटलं नाही, असं तुमच्यापैकी कुणाच्या धंद्यात झालंय?" आणि चार शहरांतून चार जण बोलले. मी त्याच आठवड्यात फी भरली.

पहिल्या सत्रात हिशेबशास्त्र मला जड गेलं नाही, ते रोजचंच होतं. अर्थशास्त्रही आवडलं. अवघड होतं ते इंग्रजीत बोलणं. वाचायला, लिहायला अडचण नव्हती, पण पन्नास चेहऱ्यांच्या चौकटीत आपली चौकट हिरवी होणार आणि सगळे ऐकणार, म्हटल्यावर मी चॅटमध्ये उत्तरं टाकायची. आमच्या फायनान्सच्या सरांनी ते ओळखलं. चॅटमधलं माझं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हे बरोबर आहे, आता कारण सांगा. हिंदीत सांगा, मराठीत सांगा, मला कारण हवंय." मी अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी करत सांगितलं. त्यांनी त्यावर उलट प्रश्न विचारला, त्यालाही उत्तर दिलं. लिहिलेल्या उत्तराला कुणी उलट प्रश्न विचारत नाही, तिथंच ते संपतं. बोललेलं उत्तर पुढच्या प्रश्नात ओढतं आणि तिथं खरी शिकवणी सुरू होते. आमच्या भागातल्या कितीतरी हुशार मुली इंग्रजीच्या धास्तीनं असल्या अभ्यासक्रमाच्या वाटेला जात नाहीत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. वर्गात कुणीही व्याकरण तपासत नाही. सगळ्यांना तुमच्या कामातली गोष्ट ऐकायची असते.

दिवसाचं गणित घरातल्या सगळ्यांनी मिळून बसवलं. मी साडेसहापर्यंत घरी यायची, भाकरी-आमटीचं सासूबाई बघायच्या, आठ वाजता मी आणि मुलगी एकाच खोलीत दोन टेबलांवर. राउटरला छोटा इन्व्हर्टर लावला, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवायचा. पावसाळ्यात बावड्यात वीज जाते, पण वर्ग चुकला असं फारसं झालं नाही. सासूबाई सुरुवातीला दार लोटून विचारायच्या, "अगं, कुणाशी बोलतीयास?" पुढं त्याच शेजारणीला सांगायच्या, "आठनंतर येऊ नगा, तिची शाळा असतीय."

वर्गात कोण होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. नागपूरचे एक बँक अधिकारी, पुण्याच्या वाहन कंपनीतले पुरवठा विभागातले एक जण, मिरजेच्या रुग्णालयात प्रशासन सांभाळणारी एक मैत्रीण, इंदूरचा औषध वितरक, आणि मस्कतला गोदाम सांभाळणारा रत्नागिरीचा एक जण. त्याच्याकडे आमच्यापेक्षा दीड तास मागं असायचं, म्हणजे आमचा आठचा वर्ग त्याला साडेसहाला. तो कामावरून थेट गाडीतच बसून जोडायचा. सगळे कामाची माणसं. त्यामुळे शिकवलेला प्रत्येक नियम कुणाच्या ना कुणाच्या अनुभवावर घासून बघितला जायचा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयावरचा तास. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये अकरा खाटांवर ते सुरू केलं. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जिवावर फुकटातल्या शस्त्रक्रिया, डोळ्यात बसवायची भिंगं स्वतः बनवायला घेतली, शल्यविशारद एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर वळतो आणि दुसरा रुग्ण तयार असतो. हार्वर्डनं यावर केस लिहिली, ती व्यवस्थापनाच्या वर्गांत वर्षानुवर्षं शिकवली जाते. आम्ही सगळे डॉक्टरांच्या वेगाबद्दल बोलत होतो. मिरजेची मैत्रीण म्हणाली, "डॉक्टरांचं सोडा, त्या दुसऱ्या टेबलावरचा रुग्ण तयार कोण ठेवतं ते बघा." गावांतल्या मुली घेऊन त्यांना दोन वर्षं शिकवून तयार करणं, हा त्या सगळ्या यंत्रणेचा कणा आहे, आणि आमच्याकडे परिचारिका सहा महिन्यांत सोडून जातात म्हणून आम्हाला ते जमत नाही, हे तिनं आपल्या रुग्णालयातल्या उदाहरणांनी दाखवलं. प्राध्यापकांनी पुढची पंधरा मिनिटं तिच्याकडे दिली. रेकॉर्डिंगमध्ये ही पंधरा मिनिटं कुठून येणार?

दुसऱ्या सत्रात पुरवठा साखळीचा विषय आला आणि एका रविवारी सकाळी आम्ही 'बिअर गेम' खेळलो. एमआयटीमध्ये १९६० च्या सुमारास जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खेळ रचला. चार जणांची साखळी असते, किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकानं फक्त आपल्या पुढच्याची ऑर्डर बघायची आणि मागच्याला ऑर्डर द्यायची. आपसात बोलायचं नाही. माल पोचायला दोन आठवडे लागतात. गिऱ्हाईक आठवड्याला चार खोकी घेत असतं, पाचव्या आठवड्यापासून आठ घेऊ लागतं आणि शेवटपर्यंत आठच घेतं. बस्स, बदल एवढाच. आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत टाकलं होतं आणि मी कारखाना होते. काही आठवड्यांत माझ्याकडे ऑर्डर अशा काही वाढत आल्या की मी उत्पादन वाढवत नेलं, आणि माल तयार होऊन बाहेर पडायला लागला तशी पुढून येणारी ऑर्डर शून्यावर आली. शेवटी सगळ्यांचे आलेख एकत्र दाखवले. गिऱ्हाइकाची रेषा जवळजवळ सपाट, दुकानदाराची थोडी हललेली, आणि कारखान्याची डोंगर-दरीसारखी. याला बुलव्हिप परिणाम म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला तो लहान मुलांच्या डायपरच्या पुरवठ्यात दिसला होता. बाळं काही महिन्यागणिक कमीजास्त होत नाहीत, तरी मागं पुरवठादारांकडे जाणाऱ्या ऑर्डर मात्र जोरात हेलकावत होत्या.

सोमवारी कारखान्यात गेले आणि एका मोठ्या ग्राहकाची मागच्या वर्षाची शेड्यूलं, म्हणजे किती माल लागेल ते कळवणारी पत्रकं, काढली. महिन्याच्या सुरुवातीला पाठवलेलं शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचललेला माल, दोन्ही शेजारी मांडले. त्याखाली मी त्या त्या महिन्यात मागवलेलं पिग आयर्न. ती तिसरी रेषा सगळ्यांत जास्त वरखाली होत होती. म्हणजे ग्राहकाच्या शेड्यूलमधला हेलकावा मी आणखी मोठा करून माझ्या पुरवठादारावर ढकलत होते, आणि शिरोलीतल्या माझ्या जागेवर बसलेलं कुणीही तेच करेल, कारण त्या जागेवरून फक्त पुढची ऑर्डर दिसते. पुढच्या तासाला हा कागद मी पडद्यावर दाखवला. पुण्याच्या वाहन कंपनीतला जो पुरवठा विभागातला होता तो लगेच म्हणाला, "आम्ही शेड्यूल फुगवून देतो, कारण तुम्ही लोक ऐंशी टक्केच देता." मी म्हटलं, "आम्ही ऐंशी टक्के देतो, कारण तुम्ही तेवढंच उचलता." वर्गात जो काही गलका झाला! मग सरांनी आम्हा दोघांनाच पुढं काढून विचारलं की दोघांनी एकमेकांना नेमकी कोणती माहिती द्यायला हवी. त्यातून जे निघालं, दर आठवड्याला प्रत्यक्ष वापराचा आकडा मागायचा आणि त्यावर खरेदी बेतायची, ते आम्ही एका ग्राहकाबरोबर सुरू केलं आणि अजून चालू आहे. सगळ्यांबरोबर जमलेलं नाही. मोठ्या कंपनीला आपला आकडा द्यायला लावणं छोट्या पुरवठादाराच्या हातात नसतं, हेही वर्गात मोकळेपणानं बोललं गेलं.

संख्याशास्त्राची धास्ती सगळ्यांना होती. त्या मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं की पुस्तकातले आकडे नकोत, कामावरचे आणा. वॉल्टर शूहार्टनं १९२४ मध्ये बेल कंपनीच्या कारखान्यासाठी आखलेला नियंत्रण आलेख त्यांनी शिकवला. रोजचा आकडा मांडायचा, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा. आतले चढउतार कामाचे नेहमीचे, बाहेर गेलेला ठिपका मात्र काहीतरी वेगळं सांगतो, त्याचं कारण शोधा. मी कास्टिंगच्या रिजेक्शनचे आकडे घेतले आणि मोल्डिंगमधल्या, म्हणजे वाळूचे साचे बनवणाऱ्या विभागातल्या, मामांकडे गेले. हे मामा तीस वर्षांहून जास्त काळ वाळूत आहेत. ओल जास्त झाली की ओतकामात वायू अडकतो आणि कास्टिंगला भोकं पडतात. त्यांना ओल मुठीत कळते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या ठिपक्याचं मला ठावं न्हाई, पर नवी वाळू आली की दोन दिस त्रास व्हतोय."

बाहेर गेलेले ठिपके आणि वाळूच्या ट्रकांच्या तारखा मी शेजारी मांडल्या. मामांचं म्हणणं त्या आलेखात ठळक उमटलं होतं. विशेषतः एका खाणीकडून येणाऱ्या वाळूत बारीक कण आणि माती जास्त असायची, त्यामुळे तीच ओल कमीजास्त वागायची. तोवर वाळू मी टनाच्या भावावर घेत होते. यानंतर प्रत्येक ट्रकबरोबर कणांच्या बारीकपणाचा आणि मातीच्या प्रमाणाचा दाखला मागायला लागले, आणि भाव चार पैसे जास्त असला तरी एकसारखा माल देणाऱ्याकडे खरेदी वळवली. तो आलेख आता मोल्डिंगच्या भिंतीवर असतो आणि ठिपका मामा स्वतः भरतात. वर्गात हे सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या की आलेखानं जे दाखवलं ते सांगणारा माणूस आधीच तिथं होता, आलेखामुळे खरेदी विभागाला ते ऐकू आलं. मला ते फार पटलं.

मार्केटिंग, संघटनवर्तन, व्यवसायाचे कायदे हे विषय मी नीट केले, मार्कही चांगले पडले, पण त्यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही. शेवटच्या वर्षाचा आर्थिक व्यवस्थापनाचा विषय मात्र थांबून सांगायला हवा.

खेळत्या भांडवलाचा हिशेब सरांनी असा मांडला. माल तीस दिवस पडून, ग्राहकाकडून पैसे पंचाहत्तर दिवसांनी, पुरवठादाराला तुम्ही वीस दिवसांनी देता. तीस अधिक पंचाहत्तर वजा वीस, म्हणजे पंच्याऐंशी दिवस तुमचा पैसा रस्त्यावर. तो कुठून आणता आणि त्याचं व्याज कोण भरतं? बँकेच्या बैठकीत मी जे ऐकत आले होते ते सगळं या एका ओळीत उलगडलं. आणि नेमका त्याच काळात आमच्याकडे आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाचा गोंधळ सुरू झाला.

लघुउद्योगात असणाऱ्यांना हे कलम पाठ आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. कायदा होता, पण ते व्याज मागून ग्राहक कोण तोडणार? २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकरात नवीन तरतूद घातली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळेल. १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली, म्हणजे २०२३-२४ चेच हिशेब तिच्यात आले. जानेवारी ते मार्च २०२४ या तीन महिन्यांत शिरोलीत दुसरा विषय नव्हता. कुणाचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणी, आहे, त्यात तो उत्पादक आहे की व्यापारी, कारण व्यापाऱ्याला ही तरतूद लागू होत नाही, हे शोधत मी पुरवठादारांची सगळी यादी पालथी घातली.

पेच असा की आमची फाउंड्री कायद्यानं 'मध्यम' उद्योग आहे. आम्हाला पॅटर्नवाल्याचे, मशीनिंगवाल्याचे, फेटलिंगवाल्याचे पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात. आमचा मोठा ग्राहक मात्र आम्हाला त्या मुदतीत द्यायला बांधील नाही, कारण संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमला नाही. हे मी वर्गात मांडलं. नागपूरचे बँक अधिकारी म्हणाले की मर्यादा वाढवून घ्या. सरांनी विचारलं, "आणि पुढच्या वर्षी? परत वाढवणार?" मग ट्रेड्सची माहिती निघाली, म्हणजे मोठ्या कंपनीनं मान्य केलेलं बिल रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालणाऱ्या ऑनलाइन मंचावर ठेवायचं आणि बँका त्यावर बोली लावून लगेच पैसे देतात. व्याज ग्राहकाची पत बघून ठरतं, त्यामुळे ते आमच्या कॅश क्रेडिटपेक्षा स्वस्त पडू शकतं. इंदूरच्या वितरकानं सांगितलं की ग्राहकानं बिल मान्य करायला उशीर लावला तर सगळं मुसळ केरात. दीड तासाचा वर्ग त्या दिवशी सव्वादहापर्यंत चालला आणि कुणी उठलं नाही.

माझा प्रकल्प यावरच झाला. पुरवठादारांचे तीन गट, प्रत्येकाची देण्याची तारीख, गोदामात माल पडून राहायचे दिवस किती कमी करता येतील, कोणत्या ग्राहकाची बिलं ट्रेड्सवर नेता येतील. आमच्याकडे वितळणाच्या विजेचा खर्च मोठा, टनाला सहाशेच्या आसपास युनिट लागतात, आणि रात्रीच्या दरातल्या सवलतीसाठी त्या काळात भट्टी रात्री चालायची. रात्री ओतलेला माल फेटलिंगला जायला दिवस उजाडायचा आणि पुढं दोन दिवस थांबायचा. वीज वाचते, पण माल अडकतो. या दोन खर्चांची तुलना कारखान्यात कुणी शेजारीशेजारी ठेवून केली नव्हती. साहेबांना तो तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी फेटलिंगची पहिली पाळी लवकर सुरू करायला सांगितली. अभ्यासक्रमातल्या कुठल्याही मार्कापेक्षा मला त्या निर्णयाचा जास्त आनंद झाला.

परीक्षा घरूनच, पण देखरेखीखाली. अंतर्गत मूल्यमापन तीस टक्के, सत्राखेरची परीक्षा सत्तर. ओळखपत्र कॅमेऱ्याला दाखवायचं, लॅपटॉप फिरवून अख्खी खोली, टेबलाखालची जागासुद्धा दाखवायची, खोलीत दुसरं कुणी नको, पडद्यावर दुसरी खिडकी उघडत नाही. मुलीला त्या तीन तासांपुरतं शेजारी पाठवायचे. थेट तासांना ठरावीक हजेरी नसेल तर परीक्षेला बसता यायचं नाही, आणि ही अट मला योग्य वाटते.

तोंडी परीक्षा जुलै २०२४ च्या शेवटी होती. पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी कधीच ओलांडली होती आणि २४-२५ जुलैला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळीही गेली. बावड्यातली माणसं त्या दिवसांत तासातासाला पातळीच विचारत असतात. आम्ही खबरदारी म्हणून राजारामपुरीत बहिणीकडे गेलो होतो आणि मी तिच्या मुलाच्या टेबलावर बसून परीक्षा दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही छोट्या पुरवठादाराला वेळेवर पैसे देता त्याचा तुम्हाला फायदा काय? कायदा बाजूला ठेवा." मी म्हटलं, "पॅटर्नवाला आता दुसऱ्याचं काम बाजूला ठेवून आमचं आधी घेतो, त्यामुळे नवीन कास्टिंगचा नमुना ग्राहकाला लवकर जातो." त्यांनी दिवसांत सांगा म्हटलं. मी तक्ता उघडला आणि दाखवलं. वीस मिनिटं ते फक्त त्या तक्त्यावरच प्रश्न विचारत होते.

पदवी आली, डिजिलॉकरमध्ये दिसायला लागली. पुढच्या खेपेला बँकेची माणसं आली तेव्हा साहेबांनी मला टेबलावर बसवलं आणि खेळत्या भांडवलाचं बोलणं माझ्याकडे दिलं. आमच्या वर्गातले सात-आठ जण अजून महिन्यातून एका रविवारी त्याच वेळेला जोडतात. कुणीतरी आपल्या कामातला एक पेच मांडतो आणि बाकीचे प्रश्न विचारतात. मागच्या वेळी मस्कतवाल्याच्या गोदामातल्या पडून राहिलेल्या मालाचा विषय होता.

आमच्या पॅटर्नवाल्यांची मुलगी आता असंच एमबीए करायचं म्हणतेय. ते बिल घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, कुठं घालू तिला?" मी विद्यापीठाचं नाव सांगितलं नाही. मागच्या सत्राचं थेट तासांचं वेळापत्रक मागा, वर्गात किती जण असतात ते विचारा, बाकीची मुलं नोकरी करणारी आहेत का ते बघा, डीईबीच्या यादीत चालू वर्षाची परवानगी तपासा, आणि पैसे भरायच्या आधी तिला एका तासाला बसवा, एवढं एका कागदावर लिहून दिलं. पुढच्या बुधवारी ती एका वर्गाला बसणार आहे.